काटा खोटं बोलत होता

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवपुरातल्या घरी चहा गाळत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "अक्का, ते सकाळी उठलेच नाहीत." धुळ्याहून मुक्ताईनगरला जाताना मी रडले नाही. वाटभर डोळ्यांसमोर एकच चेहरा होता, आणि तो माझ्या भावाचा नव्हता... दिलीपचा होता. दिलीप आमचा चुलतभाऊ, जळगावला असतो, आणि ही पुरवणी दर रविवारी अथपासून इतिपर्यंत वाचतो. म्हणून तर इथे लिहायला बसले आहे.

नाना माझा थोरला भाऊ. केळीच्या बागा, बोलणं मोजकं, आणि सगळा जीव वडिलांच्या काळातल्या त्या बदामी गाडीत. किल्ली फिरवण्याआधी तो समोरच्या काट्यांच्या काचेवर नखाने टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "उठा, चाला." आमच्या घरात नवरदेवाला मांडवापर्यंत मामाने स्वतः गाडी चालवत आणायचं, हा मान कुणी कुणाला देत नाही. बहिणींची सगळी मुलं नानाने त्या गाडीतून आणली. माझा मुलगा शेवटचा होता. त्याच्या जन्मापासून नाना म्हणत आला, "सुमे, याची वरात झाली का मी मोकळा."

माझ्या मुलाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दिलीप नानाच्या अंगणात आला. वरातीत गाणी नकोत का, म्हणून गाण्यांचं यंत्र घेऊनच आला होता. गॅरेजवाल्याला बोलवू म्हटलं तर म्हणे, "एवढ्याला कशाला गॅरेज?" आणि स्वतःच पान्हा-पेचकस घेऊन डॅशबोर्डखाली आडवा झाला. दुसऱ्या दिवशी वरात निघाली, आणि वाजंत्री नीट सूर धरतात न धरतात तोच इंजिनाच्या उष्णतेचा काटा थेट लालात गेला. ना वाफ, ना वास. नानाने उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "मले गाडी कळते. काही झालं नही." पण शेजारी बसलेल्या दिलीपने तोवर भर रस्त्यात आरडाओरड केली होती, इंजिन उकळलं, पेट घेईल, पोराला खाली घ्या. माझ्या मुलाला उतरवलं, मागून येणाऱ्या स्वतःच्या पांढऱ्या गाडीत बसवलं आणि मांडवाच्या दारात मामा म्हणून स्वतः मिरवला. नाना मागून चालत आला. फेट्याचा शेमला हातात धरून...

त्यानंतर प्रत्येक लग्नात दिलीपचा एकच विनोद. "नाना, पाणी भरलं का?" लोक हसायचे. नाना लग्नांना जायचा थांबला. गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. तेराव्याला जेवणं उरकल्यावर दिलीप हात पुसत म्हणाला, "ते भंगार काढून टाका आता." त्याच क्षणी मी ठरवलं की तू थांब, बघतेच तुला.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. शेडमध्ये बॅटरी नवी बसवून घेतली, रिकाम्या टाकीत कॅनभर पेट्रोल ओतलं. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून पाण्यात थर्मामीटर सोडला आणि गाडी सुरू केली. पाणी अजून कोमट होतं तरी काटा लालात जाऊन बसला. मग नजर शेजारच्या पेट्रोलच्या काट्याकडे गेली. तळाशी कॅनभर पेट्रोल, आणि हा टाकी भरल्याचं सांगत होता. दोघे एकदमच खोटं बोलतात म्हणजे दोघांना वीज पुरवणारं काहीतरी एकच असणार. डॅशबोर्डमागे तशी एक छोटी डबी असते, दोन्ही काट्यांना बेताची वीज देणारी. तिची अर्थिंगची तार सुटून लोंबकळत होती, आणि तिच्या जागी, तिच्याच स्क्रूखाली, दिलीपच्या गाण्यांच्या यंत्राची पट्टी आवळलेली होती. ती तार सुटली की वीज बेताची राहत नाही आणि दोन्ही काटे उगाच वर चढतात. तार जागेवर घट्ट बसवली. पेट्रोलचा काटा तळाला आला. गाडी केळीच्या बागांमधून भर उन्हात हिंडवून आणली, दुसरा काटा मधोमध येऊन थांबला तो हलला नाही. मग मात्र मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

दिलीपला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, आता काय त्याचं घेऊन बसलीस? माणूस गेला." मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण गेलेला माणूस माझा आहे, आणि माफ करायला मी काही संत नाही.

गेल्या आठवड्यात त्याचाच फोन आला. मुलीचं लग्न ठरलंय. मुलाकडच्यांना फोटोंसाठी जुनी गाडी हवीये, हल्ली तशी हौस आहे. "आपली नानाची गाडी चालू झाली ना?" आपली म्हणे. मी म्हटलं, देते. चालवणार मी. पण आधी मांडवात, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर, माईक हातात घेऊन तू सांगायचंस की नानाचं इंजिन उकळलं नव्हतं आणि तार कुणी काढली होती. त्याने फोन ठेवला. अजून त्याचा फोन आलेला नाही.

राहू दे. त्याने सांगायचं ते आता छापून आलंय, आणि त्याच्या व्याह्यांकडेही हीच पुरवणी येते. गाडी पुसून शेडमध्ये उभी आहे. रोज सकाळी मी तिच्यात बसते, काचेवर टिचकी मारते, "उठा, चाला" म्हणते, किल्ली फिरवते, आणि काटा मधोमध येईपर्यंत बघत राहते.