मंदाताईंचा पासपोर्ट

स्त्री-हक्क परिषद संपवून परतताना आखातातल्या विमानतळावर मंदाताई भेटल्या. तिथे घरकामाला होत्या. मालकाने इतकी वर्षं कुलुपात ठेवलेला त्यांचा पासपोर्ट नुकताच हातात आला होता. "बघ गं, फोटोत केवढी गुबगुबीत होते मी!" त्या हसल्या. विमानात तो पदराखाली घट्ट धरूनच झोपल्या. शेजारी मी मनातल्या मनात पत्रक लिहीत होते : माणसाची ओळख कुलुपात घालणाऱ्या या मुलखाचा धिक्कार असो!

मुंबईत विमानतळाबाहेर त्यांचा भाऊ उभा होता. कशी आहेस, हेही न विचारता त्याने हात पुढे केला. "अक्का, पासपोर्ट आण इकडे. हरवशील कुठेतरी."

त्यांनी निमूट दिला. आता माझ्या पत्रकात कुठल्या मुलखाचं नाव घालू? मंदाताई त्याच्यामागून चालत गेल्या. हात अजून पदराखालीच होता, रिकामा.