वारा कोंडणारा कप्तान

डोंबिवलीच्या आमच्या वाचनालयाचे एक हस्तलिखित मासिक निघत असे. प्रत एकच, ती टेबलावर ठेवलेली असे आणि सभासदांनी तिथेच बसून वाचायची. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत तीत माझी चाच्यांची कादंबरी क्रमशः येत होती. तिचा कप्तान सोने लुटत नसे. खाडीतून जाणाऱ्या गलबतांच्या शिडांतला वारा तो बुधल्यांत कोंडून घेई आणि मग त्याच गलबतांना विकत देई. त्याचा सुकाणूवाला एक बोलका खेकडा होता आणि तो तिरकाच चालत असल्याने जहाज ठरल्या बंदरात कधीच पोचत नसे. लोकांनी हसावे, यापलीकडे माझा कोणताही हेतू नव्हता. हे मी तेव्हाही लेखी दिले होते आणि आजही देण्यास तयार आहे.

तिसरे प्रकरण आल्यानंतर आमच्या चाळमालकांनी अंगणातल्या विहिरीवर लोखंडी झाकण बसवून कुलूप ठोकले. सकाळी थोडा वेळ विहीर उघडी; एरवी पाणी हवे तर कळशीमागे पैसे. चाळीने त्यांना 'कप्तान' म्हणायला सुरुवात केली. शेवटचे प्रकरण मी वाचनालयात दिले, त्याच संध्याकाळी मालक आमच्या दारात उभे राहिले.

"प्रकरण परत घ्या, नाहीतर खोली खाली करा."

कादंबरी लिहिणे हे भाडेकरूला काढण्याचे कारण भाडेनियंत्रण कायद्यात कुठेही नाही, हे मी त्यांना कलमवार सांगितले. ते गेल्यावर आई म्हणाली, "कलमं तुला पाठ आहेत रे. पण निकाल लागेपर्यंत त्यांच्याच जिन्यानं मला चढायचंय."

तरीही मी प्रकरण परत घेतले नाही. मालकांनी वाचनालयाकडे तक्रार केली आणि त्याच्या कार्यकारी मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार होते. त्यांच्यासमोर माझे प्रकरण बंद पाकिटात पडले होते.

"हा कप्तान म्हणजे मीच," मालक गरजले.

"कशावरून?" मी विचारले.

"तो वारा कोंडतो, विकतो. आणि मी..." ते थबकले.

"आपण काय कोंडता?"

मागच्या बाकावर कोणीतरी खोकले.

"विहीर माझी आहे!"

"अध्यक्षमहाराज," मी म्हणालो, "वारा कोंडल्याचे प्रकरण मासिकात आले, तेव्हा विहीर उघडी होती. कादंबरी आधी, कुलूप नंतर. नक्कल झालीच असेल तर ती कोणी कोणाची केली, याची इतिवृत्तात नोंद व्हावी."

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "युक्तिवाद चोख आहे तुमचा. पण आपल्याला याच गावात राहायचंय. शेवटचं प्रकरण वगळू या. गोडीनं मिटेल."

बाजू खरी आहे हे कळूनही निकाल विरुद्ध देणाऱ्या त्या गोडीचा संताप मला आजही आवरत नाही. मी उठून उभा राहिलो. पाकिटाकडे हात नेला, तोच मालकांचा आवाज आला. "शेवटी काय होतं त्याचं?"

"कोणाचं?"

"कप्तानाचं हो!"

"प्रसिद्ध झाल्यावर वाचा."

मालक पाकिटाकडे पाहत राहिले.

"बरं, येऊ द्या मासिकात."

"आणि खोली?"

"राहा हो, कोण काढतंय तुम्हाला!"

"तक्रार लेखी मागे घ्या. खोलीचंही त्यातच लिहा."

"भारीच चिवट बुवा तुम्ही," असे पुटपुटत त्यांनी सही केली.

अंक टेबलावर आला, त्या दिवशी पहिले वाचक तेच होते. शेवट असा होता: वारा विकत न घेता खलाशी होड्या वल्हवत निघून जातात. भरल्या बुधल्यांमध्ये कप्तान एकटा उरतो, जहाज जागचे हलत नाही, आणि अखेर तो स्वतःच्या हाताने बुधले फोडतो. आम्ही पाचसहा जण मालकांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांनी अंक मिटला.

"मूर्ख आहे," ते म्हणाले. "फोडायचे कशाला? आधी सगळी वल्ही विकत घेऊन ठेवायची होती."

कुलूप तसेच राहिले. मी घरी येऊन विहिरीबाबत मामलेदारांना पहिला अर्ज लिहायला घेतला. आई सकाळसाठी कळश्या घासत होती.