समुद्रात बुडालेले आजोबा

माझ्या आईचे आजोबा स्कॉटलंडहून दौंडला आले ते रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर म्हणून. कुरकुंभच्या मुलीशी त्यांनी चर्चमध्ये लग्न केलं आणि ते इथलेच होऊन गेले. घरात त्यांचा फोटोही नव्हता. आईचे घारे डोळे, एवढीच त्यांची खूण. "तिकडं त्यांचं कोण होतं, एकदा कळलं पायजे," असं ऐंशी ओलांडलेली आई सारखी म्हणायची.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ते मनावर घेतलं. चर्चच्या जुन्या रजिस्टरात लग्नाची नोंद सापडली. तिच्यात त्यांच्या गावाचं नाव होतं. तिथल्या चर्चला मी ईमेल केला.

महिन्याभरानं एका बाईंचं उत्तर आलं. त्यांचे आजोबा म्हणजे आईच्या आजोबांचे धाकटे भाऊ. "पण तुमची काहीतरी चूक होतेय," असं त्यांनी लिहिलं होतं. सोबत त्यांच्या घराण्याच्या कबरीचा फोटो होता. दगडावर आईवडिलांच्या नावांखाली आमच्या आजोबांचं नाव आणि पुढे सालासकट कोरलेलं: समुद्रात बुडून मृत्यू.

साल मी दोनदा वाचलं. लग्नाच्या नोंदीतही तेच साल होतं.

मी त्यांना रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. चार दिवसांनी दोन ओळी आल्या: "त्यांच्या वडिलांना ते लग्न मान्य झालं नसावं. मला शरम वाटते."

आठवडाभर मी आईला काही सांगितलं नाही. शेवटी तिनंच विचारलं, तेव्हा सगळं वाचून दाखवलं. ती पदराशी चाळा करत बसली.

"आजोबांच्या आईला ठावं होतं का गं?" तिनं विचारलं. "का तिलाबी बुडाला म्हणूनच सांगितलं?"

मी तोच प्रश्न त्या बाईंना लिहिला. हे सांगणारं आता कुणी उरलं नाही, असं त्यांचं उत्तर आलं. दगडावरचा मजकूर बदलता येतो का, याची चौकशी करते, असंही त्यांनी लिहिलं होतं.

"नगं म्हणावं," आई म्हणाली. "वाचायला कोण हाय आता?"

बाईंचे ईमेल अजून येतात. त्या मोठ्या मायेनं आईची चौकशी करतात. मी वाचायला बसले की आई भाजी निवडायला घेते आणि मान वर न करता म्हणते, "मनातल्या मनात वाच."