कधीही जा, गोडच मिळेल

पदूकाका गेल्याचं मला पडघ्याच्या बाजारात कळलं, सुकट घेताना. सुकट विकणारी बाई खारबावकडची. जवळ्याचं माप पिशवीत ओतता ओतता ती म्हणाली, "गुरुजी, तुमचे ताडीवाले बाबा गेले. आज बारावा हाय." मी पिशवी घेतली आणि समोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. चहा आला, तो नको तितका गोड होता. तसाच ठेवून उठलो. भिवंडीची एसटी समोर उभी होती, तीत बसलो असतो तर दुपारच्या पंगतीपर्यंत पोचलोही असतो. गेलो नाही... बाराव्याला जायला मला तोंड नव्हतं. का नव्हतं, ते सांगायलाच पाच आठवड्यांनी हे लिहायला बसलो आहे.

पदूकाका म्हणजे पद्माकर तरे. खारबावजवळ खाडीकाठच्या एका पाड्यावर परवाना घेऊन ताडी काढायचे. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं तेव्हा मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. आमचं घर बौद्ध. आई दर रविवारी सकाळी विहारात वंदनेला जायची आणि पंचशील तिच्या नुसतं ओठांवर नव्हतं, घरातही होतं. त्यातलं पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, मी दर रविवारी सात ते नऊ या वेळात मोडत असे. नऊच्या पुढे नाही, कारण साडेनऊला आई घरी यायची आणि त्याआधी मला चूळ भरून, बडीशेप खाऊन, वह्या तपासत बसायचं असायचं. शिंदीच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात. मी तर ताडाखाली बसून ताडीच पीत होतो. आज हसू येतं, पण पुढचा सगळा घोटाळा त्या नऊच्या काट्यानेच केला.

पदूकाकांचं काम बघत बसणं हेच मुळात सुख होतं. पायात दोराचा फास, कंबरेला कोयती आणि पाठीवर ताडी उतरवायचा वाळवलेला भोपळा. पहाटे चढायचे, संध्याकाळी पुन्हा चढायचे. ताडाच्या कोंबाला रोज कागदाइतका पातळ छेद द्यायचा, जाड गेला तर झाड रुसतं. मडकी ते स्वतः धुवायचे आणि पेंढ्याच्या जाळावर उपडी धरून धुरवायचे, ते काम बायकोलासुद्धा करू द्यायचे नाहीत. उतरले की पहिली धार झाडाच्या बुंध्याशी ओतायची, मग पळसाच्या द्रोणात आम्हाला. प्रत्येक झाडाला त्यांनी नाव ठेवलं होतं. "ही मास्तरीन," एकदा म्हणाले, "गप ऱ्हाते, पन मन लावून देते." मी पलीकडच्या उंच झाडाकडे बोट केलं. "तो तलाठी. चढून चढून जीव जातो, देतो मात्र थेंबभर." त्या ताडीला पहिल्या घोटाला नारळपाण्याची सौम्य गोडी, मग जिभेच्या कडेला हलकी चुरचुर आणि शेवटी धुरकट वास. दोन द्रोणांनी डोकं फिरायचं नाही, उलट साफ व्हायचं. मी निघायचो तेव्हा मडक्यांत थोडी उरलेली असायची. तिचं पुढे काय होतं हे मी कधी विचारलं नाही.

मग लोकांच्या जिभा बिघडल्या. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. भिवंडीत कापडाचे लूम वाढले, माणसं वाढली, ताडाची झाडं काही वाढली नाहीत. तरी रस्त्यारस्त्यावर ताडीची दुकानं निघाली. झाडं शंभर आणि ताडी हजार झाडांची, हे गणित माझ्या चौथीतल्या पोरांनीही चुकीचं ठरवलं असतं. पाण्यात कसली तरी पांढरी पावडर, गोडीला सॅकरीन, वर फेस यावा म्हणून सोडा. तेवढ्यानेही भागेना. जमिनी विकून नवे पैसे आलेल्या पोरांना तेच ते पिऊन कंटाळा यायला लागला, म्हणून एकाने गुलाबाचं सरबत घातलं, दुसऱ्याने खस, तिसऱ्याने अननसाचं इसेन्स. एका हळदीत मला हिरवी ताडी दिली होती. हिरवी! वर बर्फ आणि चाट मसाला. देणारा अभिमानाने म्हणाला, "गुरुजी, नवीन आयटम हाय, सगले हाच मागतात." एक घोट घेतला आणि मांडवामागे जाऊन थुंकलो. खोकल्याच्या औषधात कुणी धुण्याचा सोडा कालवावा तशी चव होती. आणि लोक मिटक्या मारत होते. "कडक हाय", "डोक्याला लागते", "फेस बघ फेस", एवढीच परीक्षा उरली होती. मुंबईचे काही शहाणे तर शनिवारी गाडी घेऊन यायचे, ग्लास उजेडात धरायचे, हुंगायचे आणि पावडरच्या पाण्याला "काय अस्सल गावरान चव आहे" म्हणायचे. मला अजून त्या माणसांची शिसारी येते.

या शिसारीच्या भरात मी लेख लिहिला. रविवारच्या याच पुरवणीत. खरी ताडी काय असते ते लोकांना कळावं, एवढाच हेतू. पदूकाकांचं नाव, पाडा, मडकी, धूर, मास्तरीन आणि तलाठी, सगळं मन लावून लिहिलं. वर त्यांचा भोपळा घेतलेला फोटो. मी मात्र टोपणनावाने, आईच्या भीतीने. आणि शेवटी लेखणी फार रंगात आली म्हणून एक वाक्य लिहिलं: "पदूकाकांकडे कधीही जा, गोडच मिळेल."

कधीही! दहा वर्षं मी तिथे फक्त रविवारी, फक्त नऊच्या आत गेलेला माणूस. ताडी चढत्या उन्हाबरोबर आंबते हे पाड्यावरचं शेंबडं पोर सांगू शकलं असतं. मला ते कानावर होतं, जिभेवर नव्हतं, म्हणून लिहिताना आठवलंच नाही.

लेख वाचून लोक आले. जेवून खाऊन, दुपारी बारा-एकला, गाड्या घेऊन आले आणि म्हणाले, गोड द्या. पदूकाका म्हणाले, आता न्हाय. तेव्हा कात्रण काढून दाखवलं, की पेपरात तर लिहिलंय. पुढच्या रविवारी मी गेलो तर त्यांनी मला नऊ वाजता उठूच दिलं नाही. "बसा आज. आई वरडली तरी बसा." सव्वानऊला त्यांनी उरलेली तीन मडकी उचलली आणि एकेक करून मास्तरणीच्या बुंध्याशी ओतून टाकली. मी हळहळलो. त्यांनी तळाशी राहिलेली माझ्या द्रोणात दिली, ऊन चढेपर्यंत ठेवायला लावली आणि मग म्हणाले, प्या. माझे दात आंबले.

"ही ताडीच हाय," ते म्हणाले. "पन ही इकायची न्हाय. नऊ वाजले का ती झाडाची. माझा बापूस असाच करी. मास्तर, दहा वर्षांत तुमी कवा आलाव दुपारचे? मंग लिवलं कशाला?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी चुकलो म्हणालो, त्यांनी मान हलवली आणि मला वाटलं विषय संपला. पण त्यांच्या पुतण्याने ते वाक्य उचललं. पूर्ण्याकडच्या रस्त्याला नवीन गोदामांच्या रांगेत त्याने दुकान टाकलं, माझा लेख काचेत मढवून दारावर लावला, पदूकाकांचा फोटो रंगवून पाटीवर काढला आणि खाली मोठ्या अक्षरांत: कधीही या, गोडच मिळेल. दिवसभर ट्रक थांबायचे. दिवसभर गोड! पदूकाकांच्या सगळ्या झाडांची ताडी त्या दुकानाला अर्धा तास पुरली नसती. ते स्वतः जाऊन भांडले तर पुतण्या म्हणाला, "काका, जमाना बदलला. पब्लिकला जे पायजे ते द्यायला लागते."

मग एक दिवस लूमवर काम करणारा एक माणूस तिथे पिऊन दोन दिवस शुद्धीवर आला नाही. वाचला, पण त्याची बायको विचारत विचारत खाडीकाठच्या पाड्यावर येऊन पोचली. पदूकाका ओटीवर मडकी पुसत होते. ती काही ओरडली नाही, एवढंच म्हणाली, "चाचा, आपका फोटो देखके पिया था इन्होंने." हे मला त्यांच्या मुलीने, सुनंदाने सांगितलं. त्या संध्याकाळी पदूकाका झाडावर चढले नाहीत. पुन्हा कधीच चढले नाहीत.

चार दिवसांनी ते माझ्या शाळेत आले. वर्गाबाहेर चपला काढून उभे राहिले, मी बाहेर आलो. "मास्तर, मना लिवता येत न्हाय. माझं नाव तुमी लिवलं, तर तुमीच खोडा. ती ताडी माझी न्हाय येवढं छापा. दुसरं काय नको." मी म्हणालो, लिहितो. याच रविवारी लिहितो.

नाही लिहिलं. पुतण्याच्या ओळखी वरपर्यंत होत्या आणि मला शाळेत नोकरी करायची होती. शिवाय माफी छापायची तर खऱ्या नावाने छापावी लागणार आणि आई विचारणार, तुला काय माहीत रे ताडीची चव? मग माझी बदली पडघ्याला झाली आणि मला हायसं वाटलं. हो, हायसं वाटलं. आता खोटं कशाला लिहू. पुढे आईही गेली. त्यानंतर तर एकही सबब उरली नव्हती, तरी सहा वर्षं मी "याच रविवारी" म्हणत राहिलो. त्या हिरव्या ताडीची मला किळस येते म्हणतो मी, पण पावडर घालणाऱ्याने निदान लोकांना पायजे ते दिलं. मी एका माणसाने मागितलेली दोन ओळींची गोष्ट दिली नाही. स्वतःची किळस येते ती वेगळीच असते, ती थुंकून जात नाही.

परवा शेवटी गेलो. सुनंदाने पाणी दिलं. ओटीवर खुंटीला तो भोपळा तसाच होता, त्याच्या गळ्यातला दोर हाताने घासून काळा झालेला. खाली वर्तमानपत्रांची चळत, कंबरेइतकी. मला वाटलं रद्दी. सुनंदा म्हणाली, "न्हाय गुरुजी, रविवारच्या पुरवण्या हायत. बाबा दर रविवारी खारबाव स्टेशनावर चालत जायचे पेपर आनाया. मंग माझ्या पोरीला बोलवायचे... मास्तरनी लिवलं का बघ. ती सगलं वाचून सांगायची, न्हाय आजोबा. मंग घडी घालून ठेवून द्यायचे. शेवटच्या रविवारी चालवत नव्हतं, तर मना धाडलं."

मी भोपळा खाली उतरवला. आत नाक घातलं. अजून धुराचा वास होता.

सुनंदा, ही पुरवणी या रविवारी आण आणि पोरीला ओटीवर बसवून मोठ्याने वाचायला सांग. पूर्ण्याच्या रस्त्यावर विकली गेलेली ताडी पद्माकर तरे यांची नव्हती. पेपरात ते वाक्य लिहिणारा मी, चूक माझी. त्यांच्याकडे कधीही गेलं तर गोड मिळत नसे. त्यांची ताडी नऊनंतर आंबट होत असे.