मोकळी खोली

शाळांमध्ये तिला मोजपट्टीबाई म्हणत. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर "या मॅडम, पाणी घ्या." शाळा मुलांच्या मनाची काळजी कितपत घेतात, हे मोजायचं तिचं काम. आता मन मोजायचं कसं, हे तिला नोकरी देणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून ती खोली मोजायची. समुपदेशनाची वेगळी खोली आहे का, खुर्च्या दोन आहेत का, दाराला कडी लागते का, आणि मुख्य म्हणजे खोली मोकळी आहे का. पोराला बोलावंसं वाटावं आणि आत खोकी रचलेली असावीत, असं नको म्हणून हा प्रश्न. हेतू चांगलाच होता. हेतूंचं काय, ते चांगलेच असतात.

शाळाही तिला ओळखून होत्या. बाई येणार म्हटलं की खोकी बाहेर, खुर्च्या आत. एका शाळेने तर खोलीला कुलूपच घातलं होतं, कायम मोकळी राहावी म्हणून.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. नववीतली लेक महिनाभर तोंडात मूग धरून बसलेली. ताटातलं निम्मं परत. विचारलं तर "काही नाही." नवरा म्हणे, "वय आहे, होईल सरळ." बाईच्या जिवाला घोर लागला होता. आपल्याशी नाही तर नाही, शाळेत त्या खोलीत जाऊन तरी पोरगी बोलेल, एवढीच काय ती आशा.

लेकीची शाळा खरं तर दुसऱ्या तपासनीस बाईंकडे होती. त्यांचा पाय मुरगळला आणि ही गेली. समुपदेशक ताईंनी हसतमुखाने खोली दाखवली. खुर्च्या दोन, कडी धड, आत चिटपाखरू नाही. बाई एका खुर्चीत बसून पाहायला गेली, तर खुर्ची कोमट लागली. खिडकीतून ऊन येत असेल, असं तिने ठरवलं.

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "तुमच्या शाळेतली खोली पाहिली. छान आहे. जाऊन बोलावं की गं."

"गेले होते."

"कधी?"

"आजच. बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात शिपाईकाका आले. ताईंनी मला घाईघाईने बाहेर काढलं. म्हणाल्या, तपासणी आहे, खोली मोकळी दिसायला हवी. तू नंतर ये."

नवऱ्याने कुणी न मागता सगळ्यांचे पेले भरले.

"किती मार्क दिलेस?" लेकीने विचारलं.

"पैकीच्या पैकी."

जेवण तसंच टाकून बाई उठली आणि लेकीला आतल्या खोलीत घेऊन गेली. त्या दाराची कडी कधीचीच मोडली होती. मग ती दाराला पाठ लावून जमिनीवरच बसली.

"बोल. इथून तुला कोणी उठवणार नाही."

लेक तिच्या शेजारी येऊन टेकली. मग म्हणाली, "आई, मला त्या शाळेत नाही जायचं," आणि रडायला लागली.

बाहेरून नवऱ्याने दार वाजवलं. बाई म्हणाली, "खोली मोकळी नाही."