निळ्या पाण्याची जाहिरात

आमची तनया कारापूरची. धंदा जाहिरातींचा. सोनाराचे हार, पेडण्याच्या किनाऱ्यावरची रिसॉर्टं, काजूची पाकिटं, समोर येईल ते ती असं काही दाखवते की बघणाऱ्याला भुरळ पडावी. एकदा आइस्क्रीमच्या जाहिरातीत तिने आइस्क्रीमच्या जागी उकडलेला बटाटा ठेवला आणि तो बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तेव्हापासून तुझ्यावर माझा विश्वास नाही, असं मी तिला तोंडावर सांगतो. ती हसते. पण या धंद्यातून जे उरतं ते ती गावासाठी लघुपट करण्यात घालते आणि देवळाच्या मंडपात नाटकाआधी पडद्यावर लावते. जागा धरायला लवकर आलेले लोक नाइलाजाने बघतात.

चंद्रावती दोडामार्गाकडची. नवरा खाणीवर ट्रक चालवायला आला, म्हणून तीही इकडची झाली. पुढे खाण बंद पडली, खड्डा पाण्याने भरला आणि त्याला कुंपण घालायचं कोणाला सुचलं नाही. तिचा साईश तिथे पोहायला उतरला. काठाची माती पायाखालून सरकली आणि तो वर आलाच नाही. दुसऱ्या कोणाचा मुलगा जाऊ नये, कुंपण व्हावं, म्हणून ती दारोदार फिरली. कोणी दाद दिली नाही. तेव्हा तनया म्हणाली, "मावशी, आपण लघुपट करू."

केला. पण हात शेवटी जाहिरातीचा! उजाडता उजाडता ड्रोन उडवला, उन्हं तिरपी पडेपर्यंत थांबली, पाण्याचा निळा रंग संगणकावर आणखी खुलवला. त्यात चंद्रावतीचं बोलणं होतं, आसवं होती. लघुपट मोबाइलवर फिरला, पण लोकांनी पाहिलं ते फक्त पाणी. पुढच्या रविवारी खड्ड्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. कोणी टॉवेल आणले होते, कोणी हवा भरलेली ट्यूब.

चंद्रावती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाय गो, तुका ता पाणी बरा दिसला. माका थंय माझो साईश दिसता."

तनया ढसाढसा रडली. मला तिचा राग आला आणि कीवही आली. तिने लघुपट काढून टाकला, पण लोकांच्या मोबाइलमधून तो कसा निघणार? तो फिरतच राहिला.

मग दर रविवारी चंद्रावती खड्ड्याच्या वाटेवर दगडावर बसायला लागली. शेजारी तनया. एकदा मीही गेलो. गाडीतून काही तरुण उतरले आणि त्यातला एक चंद्रावतीला बघून हरखलाच.

"काकी, त्या व्हिडिओतल्या तुम्हीच ना? एक सेल्फी काढू?"

माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठलो, पण चंद्रावतीने हाताला धरून मला खाली बसवलं.

"मागीर काढ," ती त्याला म्हणाली. "आधी तुझ्या आवशीचो फोन नंबर दी."

"आईचा? कशाला?"

"तू वर नाय इलंस तर तिका कोणी सांगूचा? माका सांज होयपर्यंत कोणी सांगूक नाय."

तो काही नंबर सांगेना. मोबाइल खिशात घालून गाडीकडे वळला, बाकीचे त्याच्या मागोमाग गेले.

तनयाचा कॅमेरा त्या दिवशी पिशवीतच होता. नंतर चंद्रावतीला विचारून तिने नवा लघुपट केला. वाटेवरच्या दगडावर बसलेली चंद्रावती आणि "तू वर नाय इलंस तर तुझ्या आवशीक कोणी सांगूचा?" हा तोच प्रश्न, बस्स. पाण्याचा थेंबही नाही. मंडपात तो लागला तेव्हा टाळी वाजली नाही. माझ्या पुढे बसलेल्या शेवंतीने पिशवीतून मोबाइल काढला आणि मुलाला फोन लावला. मग तिच्या शेजारणीने लावला, मग मागच्या रांगेत कोणीतरी. नाटकाची घंटा झाली तरी मंडपभर "खंय आसस रे?" चाललं होतं.

चंद्रावती पडद्याजवळ उभी राहून ते ऐकत होती. मोबाइल तिच्याही हातात होता. लावायचा कोणाला?