साल्हेरच्या खिंडीखालचं ‘थांबा’

एप्रिलमध्ये एका सोमवारी वसुधा गेली. मी ग्रंथालयात होतो. फोन शेजाऱ्यांनी केला.

ती माझी बायको. त्याआधी ती माझी कॉलेजमधली मैत्रीण होती, आणि आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधली एक.

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी बरीच वर्षं वाचतोय. चकवा, अवेळी आलेल्या हाका, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं आणि पान उलटायचं. यातलं मला कधीच काही पटलं नाही, आणि आजही मी बदललोय असं नाही. तरी लिहायला बसलो, कारण हा अनुभव धड माझासुद्धा नाही. तो माझ्या तीन मित्रांचा आहे, आणि त्या तिघांना मी कॉलेजपासून ओळखतो. त्यातला एकही थाप मारणारा नाही. म्हणजे बाळ्या मारतो, पण ती लगेच ओळखू येते.

तर आधी माणसं सांगतो. बाळ्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होता, आता रिटायर झालाय. ट्रेकला पुढे नेहमी तोच. सुलभा पॅथॉलॉजिस्ट आहे. “मी रक्त बघते, माणसं नाही,” असं म्हणते आणि सॅकमध्ये अर्धं मेडिकल भरून आणते. दिलीप सटाण्याचा, कांद्याचा व्यापारी, पोटाने आम्हा सगळ्यांच्या पुढे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो म्हणून माझं नाव ‘ग्रंथ्या’. आणि वसुधा. दरवर्षी पाऊस ओसरला की आम्ही पाच जण बागलाणातल्या एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशी तीन दिवस मुक्काम ठोकायचो. लग्नं झाली, मुलं झाली, गुडघे गेले, पण हे सुटलं नाही.

वसुधा नेहमी शेवटी चालायची. ती हळू होती म्हणून नाही. कॉलेजात असताना एकदा एक मुलगा मागे राहून हरवला होता, तेव्हापासून ती जागा तिने स्वतःकडे घेतली. आमचा एक नियमच झाला. दर वळणाला बाळ्या पुढून ओरडायचा, “शेवऽट!” सगळे पुढे असतील तर मागून वसुधा म्हणायची, “आले!” ते ऐकल्याशिवाय बाळ्या पाऊल उचलायचा नाही. कुणी मागे पडलं असेल तर ती म्हणायची, “थांबा रेऽ.” पण हे फार क्वचित. इतक्या वर्षांत मोजकंच.

या वर्षी मी जाणार नव्हतो. बाळ्याने फोनवर ऐकूनच घेतलं नाही. म्हणाला, घरी बसून पुस्तकांवरची धूळ पुसायची तर तीन दिवसांनी आणखी जमलेली असेल, तेव्हा पूस.

सकाळच्या बसने आम्ही नाशिकहून सटाण्याला उतरलो. दिलीप जीप घेऊन उभाच होता. वहिनींनी कळण्याच्या भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला होता, त्यातला निम्मा ताहाराबाद यायच्या आत संपला. बाहेर सगळं हिरवं, मक्याची कणसं भरलेली, मधेच एखाद्या बांधावर सोनकीची पिवळी फुलं. मुल्हेर मागे पडलं आणि साल्हेर दिसला. दरवर्षी दिसतो, तरी दरवर्षी जीपमध्ये एकदम गप्प व्हायला होतं. मग दिलीप म्हणाला, “बघा, अजून तिथंच आहे,” आणि सगळे पुन्हा सुरू झाले.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. एप्रिलनंतर पहिल्यांदा. परीक्षा संपल्यासारखं ते जुनं मोकळेपण होतं, आणि त्याची लाज वाटायला हवी हेही मी विसरून गेलो होतो.

वाघांबे गावात तुळशीरामभाऊंचं अंगण हा आमचा बेस कॅम्प. हे नाव बाळ्याने कॉलेजात असताना दिलेलं, जणू आम्ही हिमालयातच चाललोय. भाऊंची बायको बाहेर आली, तिने आम्हाला एकेक करून पाहिलं आणि मग माझ्या मागे पाहिलं. “ताई नई उनी का?” म्हणजे ताई आली नाही का.  दिलीपने तिला बाजूला नेऊन त्यांच्या बोलीत सांगितलं. ती बाई बराच वेळ आमच्याकडे आली नाही. आली ती चहा घेऊन, आणि पहिला कप तिने माझ्या हातात दिला.

मग तंबू. बाळ्याने नवा तंबू आणला होता, आपोआप उघडणारा. तो आपोआप उघडला आणि आपोआप मिटला. वीज केंद्र चालवलेला माणूस त्या काड्यांशी झटत होता, आणि दिलीप ओट्यावर बसून त्याला सल्ले देत होता की आधी मेन स्विच बंद कर. सुलभा इतकी हसली की तिला ठसका लागला. शेवटी तो तंबू भाऊंच्या सुनेने उभा केला. ती पहिल्यांदाच तसला तंबू बघत होती.

पहिल्या दिवशी किल्ला चढायचा नाही, हाही आमचा रिवाज. साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीपर्यंत जायचं, पाय मोकळे करायचे, चहाला परत यायचं. जाताना स्वच्छ ऊन होतं. घोळक्याने बडबडत गेलो, हाका मारायची वेळच आली नाही. वर खिंडीत वारा खाल्ला, फोटो काढले. दिलीपला धाप लागली होती, पण ती त्याला दरवर्षीच लागते.

उतरायला लागलो आणि मागून, खिंडीतून, धुकं आलं. पावसाळा संपता संपता तिथे असं होतं, काही विशेष नाही. बाळ्या पुढे, त्याच्यामागे सुलभा, मग मी, माझ्यामागे दिलीप. एका वळणावर दिलीप म्हणाला, “तू हो पुढं, ग्रंथ्या. बुटात खडा गेलाय. आलोच.” मी पुढे झालो.

आता इथे तुम्ही विचाराल की धुक्यात माणसाला एकटं मागे कसं सोडलं? सोडलं नाही. आमच्या हिशोबात त्याच्या मागे वसुधा होती. निघताना आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं की शेवटची जागा आता दुसऱ्या कुणालातरी द्यायला हवी. इतक्या वर्षांत ती कधी द्यावी लागलीच नव्हती. ती गेली हे आम्हाला माहीत होतं, पण शेवटी कुणी नाही, हे माहीत नव्हतं.

खालून बाळ्याची आरोळी आली. “शेवऽट!” मला स्पष्ट ऐकू आली. त्यानंतर वारा. बाकी काही नाही. मी चालत राहिलो.

वळण उतरून गेलो तर बाळ्या आणि सुलभा वाटेत उभे. मी विचारलं, का थांबलात?

“थांबा म्हणाली ना,” बाळ्या म्हणाला.

मी विचारलं, कोण?  बाळ्याने सुलभाकडे पाहिलं. सुलभाने मान हलवली, म्हणजे हो, मीही ऐकलं. तिचे डोळे भरले होते, पण ती डॉक्टर आहे. पुढच्याच क्षणी तिने विचारलं, “दिल्या कुठाय?”

आम्ही धावत वर गेलो. दिलीप वाटेच्या कडेला, कातळाला टेकून बसला होता. एक बूट पायात, एक हातात. त्या गार हवेत त्याचा शर्ट घामाने भिजला होता, आणि डावा हात त्याने छातीशी धरला होता. सुलभाने सॅक उलटी केली, गोळी शोधली, त्याला चावायला लावली. बाळ्या खाली धावला. थोड्या वेळात तुळशीरामभाऊ आणि गावातले चौघे जण घोंगडी आणि बांबू घेऊन वर आले. झोळीत घालून त्यांनी दिलीपला इतक्या झपाट्याने उतरवलं की मी रिकाम्या हातांनी मागे पडत होतो. बाळ्याने जीप काढली. सटाण्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन नाशिकला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची शीर जवळजवळ बंद झाली होती. तिथेच बसून राहिला असता तर आणायचा उपयोग नव्हता.

आता तो ठीक आहे. त्याला भेटायला गेलो तेव्हा मी मुद्दाम बाळ्याचं आणि सुलभाचं काही न सांगता विचारलं, की तू हाक मारली होतीस का. तो म्हणाला, आवाजच फुटत नव्हता.

“मग वसुने सांगितलं ना त्यांना थांबायला,” तो म्हणाला. “माझ्या मागून, जवळूनच. तेव्हा मला काही वेगळं वाटलंच नाही, ग्रंथ्या. शेवटी तीच असते.” 

मी माझ्या परीने शोध घेतला. भाऊंना विचारलं, गावातली कुणी बाई लाकडांना किंवा गुरांमागे वर गेली होती का. त्या दुपारी त्या बाजूला कुणीच नव्हतं. कड्याचा प्रतिध्वनी म्हणावं, तर बाळ्या ‘शेवट’ ओरडला होता. सवयीने कानाला भास झाला म्हणावं, हे मला सगळ्यात पटणारं होतं. पण सवय ‘आले’ ऐकायची. तिघांच्याही कानांना एकाच वेळी तो क्वचितचा शब्द का ऐकू यावा? बाळ्या म्हणतो, त्या हाकेत घाबरलेपण नव्हतं. नेहमीसारखी होती, थोडी वैतागलेली.

आणि एक गोष्ट, जी मला सुटत नाही. दिलीप वर होता, ते दोघे खाली होते. मधे मी होतो. वारा वरून खाली येत होता. ती हाक त्यांच्यापर्यंत पोचली असेल तर माझ्या अंगावरून गेली असणार.

बाळ्याने पुढच्या वर्षीचं ठरवलंय. दिलीप पायथ्याला बसून तंबू उभा करणार आहे म्हणे. आता शेवटच्या जागी मी चालावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे, आणि मी हो म्हटलंय.

दिलीप आज आमच्यात आहे. त्या तिघांनी तिचा आवाज ऐकला. मी ऐकला नाही.